वहिनी आहेत का?

धामणगाव बढ्याहून मोताळ्याकडे निघालं की गावाच्या शेवटी उजव्या हाताला गोपालचं गॅरेज लागतं. पत्र्याची शेड, पुढं ऑइलनं काळं पडलेलं अंगण आणि मागं दोन खोल्यांचं घर. गोपाल मलकापूरला शकूर मिस्त्रींच्या हाताखाली नऊ वर्षं होता, आणि तिथं तो जे शिकला ते पुस्तकात सापडणारं नव्हतं. गाडी रस्त्यावरून वळून अंगणात येईपर्यंत तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, की इंजेक्टर गळतोय, की बेल्ट ढिला झालाय, की मालकानं ऑइल बदलायचं टाळलंय. माणसं चाट पडायची. गोपालला त्यांचं ते चाट पडणं फार आवडायचं. तो तसं दाखवायचा नाही, पाने-पक्कड हातात घेऊन कामाला लागायचा, पण दिवसभर ते मनात चघळायचा.

प्रेरणा त्याची बायको. साखरखेर्ड्याची, बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली. लग्नानंतरची चार वर्षं ती गॅरेजात फारशी यायची नाही. मग ज्या गाड्यांत जागोजागी सेन्सर असतात तशा गाड्या जास्त यायला लागल्या, आणि गोपालला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, घ्यावा लागला. त्याचं पुस्तक इंग्रजीत होतं. दोन दिवस डोकं खाजवून त्यानंच प्रेरणाला हाक मारली आणि हे काय म्हणतंय ते वाचून दाखव म्हणाला. बोलावलं आपणच, हे तो पुढं स्वतःला पुष्कळदा बजावायचा.

तिनं पुस्तक वाचलं, मग त्याच्या पुढचं वाचलं. मोबाइलवर एक कोर्स केला, स्कॅनरला जोडायला लॅपटॉप घेतला. एकदा भगवानरावांचा पिकअप आला. भगवानराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पन्नास एकरांचे धनी. पिकअपचा चेक लाइट, म्हणजे इंजिनात बिघाड असल्याचा दिवा, विझवला की परत लागत होता. गोपालनं दोन दिवस घातले, अर्धं इंजिन उघडलं. तिसऱ्या दिवशी प्रेरणा पोळ्या आटोपून आली, स्कॅनर लावला, पाच-दहा मिनिटं आकडे पाहत बसली आणि म्हणाली, की मागच्या सेन्सरची वायर कुठंतरी घासली असेल. वायर घासलेलीच होती. भगवानराव खुर्चीत बसून मोठ्यानं हसले. "गोपाल, तुह्या घरातच इंजिनेर हाय अन् तू दोन दिवस झाले नटबोल्ट मोजून राह्यला?" सगळे हसले. गोपालही हसला. त्या दिवशी दुपारी त्याला जेवण गेलं नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. पहिल्यांदा लोक विचारायचे, गोपालभाऊ, गाडी आणू का. मग विचारायला लागले, वहिनी आहेत का. मोताळ्याहून, नांदुऱ्याहून, एकदा तर पार लोणारजवळच्या सुलतानपुराहून माणूस आला, मधली सगळी गॅरेजं सोडून. अंगणात उतरला, गोपालला रामराम केला आणि त्याच्या खांद्यावरून घराकडं पाहत म्हणाला, "वहिनी आहेत का?"

गोपालला राग आला असता तर बरं होतं. रागाला बोलून मोकळं होता येतं. हे वेगळं होतं. बायको हुशार आहे म्हणून चारचौघांत छाती फुगवायची आणि ती लॅपटॉपवर वाकलेली दिसली की मनातून जळायचं. एकदा ती मागं कपडे धूत असताना फोन आला. वहिनी आहेत का. "माहेरी गेली," गोपाल म्हणाला. "पंधरा दिवस येत नाही." फोन ठेवल्यावर मागून कपडे आपटल्याचा आवाज येतच होता. दुसऱ्या एका वेळी त्यानं तिच्या लॅपटॉपचा चार्जर स्पेअर पार्टच्या खोक्याखाली सरकवून ठेवला आणि तिला अर्धा दिवस शोधू दिला. आपण किती खालच्या पायरीला आलो हे त्याला कळत होतं. कळून थांबता मात्र येत नव्हतं.

प्रेरणाला यातलं काही दिसत नव्हतं, किंवा दिसत असलं तरी ती बोलत नव्हती. ती आकडे बघून झाले की त्याला हमखास विचारायची, "तुमचा हात काय म्हणतोय?" तिला खरंच त्याच्या हाताचा भरवसा होता. गोपालला वाटायचं, साहेब शिपायाला विचारतो तसं विचारून राह्यली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फहीम त्याची गाडी घेऊन आला. फहीम गावातलाच, पण त्याचं कपड्याचं दुकान बुलढाण्याला. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, आणि मध्ये राजूर घाट. गाडी होती दोन हजार अकराची, पांढरी, डिझेलची हॅचबॅक, टर्बोवाली. मोठ्या भावानं घेतलेली. भाऊ सौदीला गेला तेव्हा चावी फहीमच्या हातात आली. मागच्या सीटवर कपड्यांचे गठ्ठे टाकले की घाटात ती दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची आणि एसटीसुद्धा मागून हॉर्न मारायची. विकायची नव्हती, भावाची आठवण होती. तिच्यातून अजून जोर काढता येतो असं त्यानं ऐकलं होतं.

हे सगळं त्यानं गोपालला सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "भाभी हायेत का? जरा त्यांनाच विचारून घेतो."

प्रेरणानं त्याला समजावून सांगितलं. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं. किती हवा, किती डिझेल, हे इंजिनाच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांनी लिहिलेलं असतं. ते आकडे बदलता येतात. पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्या इंजिनातून नव्वदच्या पुढं सहज जाता येईल. पण गाडी जुनी आहे, आधी तिची तब्येत बघू, जोर नंतर.

तब्येत बघायचं काम गोपालचं. त्यानं ते मन लावून केलं, कारण वाईट काम त्याच्या हातून होतच नव्हतं. इंजेक्टर तपासले, फिल्टर बदलले, वाढीव जोर सोसेल अशी नवी क्लचप्लेट टाकली. प्रेरणानं गाडी मोताळ्यापर्यंत नेऊन आकडे घेतले आणि आल्यावर म्हणाली, की कॉम्प्युटर मागतो त्यापेक्षा हवेचा दाब कमी भरतोय. कुठंतरी गळती आहे. टर्बोचे पाइप काढून बघाल का?

ती घरात गेली आणि गोपालनं पाइप काढले. पाइपांना जोडणारी एक रबरी नळी, होज, उभी चिरलेली होती. गळती सापडली. पण पाइप निघालेलाच होता, म्हणून शकूर मिस्त्रींनी लावलेल्या सवयीनं त्यानं दोन बोटं आत घातली आणि पंख्याचा दांडा धरून हलवला. आडवा किंचित हलला. तेवढा चालतो. मग त्यानं आत-बाहेर करून पाहिला.

दांडा हलला. टक् असं बोटाला लागलं. आत-बाहेर मुळीच हलायला नको असतो, केसाएवढाही नाही. त्यानं मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. पंख्याची पाती एका बाजूला घासून तिथं चंद्रकोरीसारखी चमक आली होती. बोटं बाहेर काढली तर ऑइलनं ओली. आतलं बेअरिंग गेलं होतं. आहे तशा दाबावर हा टर्बो सहा महिने ओढला असता. दाब वाढवला तर त्याचा काही भरवसा नव्हता.

घरातून प्रेरणाच्या फोनवरचा फहीमचा आवाज येत होता. तिनं स्पीकर लावला होता. "भाभी, तुम्ही म्हणाल तसं. आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारायचंच नाही." प्रेरणा हसली.

गोपालनं बोटं चिंधीला पुसली. नवा होज बसवला, क्लॅम्प आवळले.

"पाइपात काही निघालं?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"होज चिरला होता. बदलला."

"बाकी?"

"बाकी काय."

त्याच्या मनात काय होतं, तर एवढंच, की आठ-पंधरा दिवसांत गाडी धूर टाकेल, जोर जाईल, फहीम परत येईल आणि म्हणेल, भाभीच्या कॉम्प्युटरनं गाडी बसली, गोपालभाऊ, तुम्हीच बघा. मग आपण बघू. त्याला तेवढंच पाहिजे होतं. माणसाला काही होईल असं त्याच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात यायला हवं होतं, कारण डिझेल इंजिनाचा टर्बो कसा जातो हे त्या भागात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

आकडे बदलून झाल्यावर खऱ्या चढावर चाचणी घ्यायची ठरली. एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिघं निघाले. फहीम गाडी चालवत होता, प्रेरणा त्याच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि गोपाल मागच्या सीटवर. स्वतः तयार केलेल्या गाडीत आपण मागं बसलोय, हे राजूर येईपर्यंत त्याच्या मनातून जात नव्हतं.

राजूर मागं पडलं आणि घाट सुरू झाला. फहीमनं तिसरा गिअर टाकून पाय दाबला. गाडी अशी उचलली, की फहीम मागं सीटला चिकटला. पहिल्या दोन वळणांवर पुढच्या ट्रकला त्यांनी सहज मागं टाकलं. प्रेरणा आकडे वाचून दाखवत होती. तिचा आवाज आनंदानं चढत होता. गोपाल इंजिन ऐकत होता. त्याच्या कानाला आता तेच येत होतं ज्याची तो वाट बघत होता, एक बारीक शिट्टी, सायरनसारखी चढत जाणारी. बोलायला अजून वेळ होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

पुढच्या वळणावर शिट्टी तुटली, आणि इंजिन ओरडलं.

मागच्या काचेत पांढरा-निळा धूर भरला. फहीमनं पाय काढला, तरी इंजिनाचा वेग वाढतच गेला. त्यानं गाडी डावीकडं दाबली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवून बाहेर काढली. चावी त्याच्या हातात आणि इंजिन चालूच, आधीपेक्षा वरच्या सुरात, बोनेट थरथरत होतं. फहीमनं दार उघडून रस्त्यावर उडी मारली.

टर्बो फुटला होता, त्यातून इंजिनाचं ऑइल आत जात होतं, आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःच्याच ऑइलवर धावत सुटलं होतं. अशा इंजिनाला चावी थांबवू शकत नाही. ते ऑइल संपेपर्यंत धावतं, नाहीतर आतला पिस्टनचा लोखंडी दांडा इंजिन फोडून बाहेर येतो. गोपालनं मलकापूरला एकदा ते पाहिलं होतं. तो उजव्या दारातून बाहेर पडला तेव्हा त्याला दिसलं, की गाडी घाटाच्या कठड्याला इतकी चिकटून उभी आहे, की प्रेरणाच्या बाजूचं दार चार बोटंही उघडत नाही. ती लॅपटॉप छातीशी धरून बसली होती. धुरामुळं तिला काही दिसत नव्हतं आणि ती त्याला हाका मारत होती.

तो ड्रायव्हरच्या सीटवर घुसला. क्लच दाबला, पाचवा गिअर टाकला, उजवा पाय ब्रेकवर सगळ्या अंगाच्या भारानं रोवला आणि क्लच एकदम सोडून दिला. गाडीनं कठड्याला घासत एक हिसका दिला, पुढची चाकं किंचाळली, नवी क्लचप्लेट पकडून राहिली. ब्रेकनं अडवलेल्या चाकांचा भार इंजिनावर आला, ते गुदमरलं आणि बंद पडलं.

 मग प्रेरणा ड्रायव्हरच्या दारातून, त्याच्या मांडीवरून, कशीबशी बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला बसली. मागं एसटी थांबली होती. ड्रायव्हर उतरून आला. फहीम त्याला सांगत होता, हात जोडून सांगत होता, की हा मिस्त्री होता म्हणून वाचलो.

पुढच्या आठ दिवसांत ही गोष्ट धामणगावात घराघरांत गेली. फहीमनंच ती सांगितली. चावी काढून घेतली तरी न थांबणारं इंजिन, आणि त्याला नुसत्या पायानं मारणारा गोपाल. माणसं मुद्दाम गॅरेजवर येऊन त्याच्या तोंडून ऐकायची. भगवानरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कॉम्प्युटर कॉम्प्युटरच्या जागी, हात तो हातच, असं म्हणाले.

प्रेरणानं लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. फोन आला तर ती गोपालकडं द्यायची. एकानं विचारलं तर म्हणाली, मी आता ते काम करत नाही.

आणि गोपालला बरं वाटत होतं. हे त्यानं पुढं तिला सांगितलं तेव्हा खाली मान घालून सांगितलं, पण सांगितलं. आठ दिवस त्याला छान भूक लागली. आपली जागा आपल्याला परत मिळाली असं वाटत होतं. फक्त कधी कधी काम करता करता धुरातल्या त्या हाका ऐकू यायच्या, आणि मग तो हातातलं काम सोडून दुसरं काहीतरी हातात घ्यायचा.

टर्बो दुरुस्तीला शकूर मिस्त्रींकडे न्यायचा होता. प्रेरणा म्हणाली, मीही येते. तिला नको म्हणायला गोपालला कारण सापडेना. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये गोणपाटात बांधलेला टर्बो घेऊन ते मलकापूरला गेले.

शकूर मिस्त्री आता सत्तरीला टेकले होते. अवजड काम सोडलं होतं, पण टर्बो आणि पंप अजून स्वतः उघडायचे. त्यांनी वर्तमानपत्र अंथरून एकेक भाग मांडला. प्रेरणानं तिची वही काढली. तिनं आठ दिवस दुपारी दार लावून तेच आकडे परत परत तपासले होते. तिनं मिस्त्रींना विचारलं, "चाचा, मी दाब फार नव्हता वाढवला. या टर्बोला इतका सोसायला पाहिजे होता. माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा."

मिस्त्रींनी आतल्या बेअरिंगची एक पातळ पितळी चकती उचलून उजेडात धरली. अर्धी झिजून गेली होती. "बेटी, हे एका दिवसात नाही झिजत," ते म्हणाले. "महिना-दोन महिने हलत असंल. ज्यानं पाइप काढला त्याच्या बोटाले लागलंच असंल."

एवढं बोलून त्यांनी गोपालकडं पाहिलं. नऊ वर्षं ज्याला हाताखाली घडवलं त्याच्याकडं पाहायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते उठले, चहा सांगतो म्हणाले आणि बाहेर निघून गेले. ते बराच वेळ आले नाहीत.

 परत येताना मोताळ्याच्या अलीकडं प्रेरणानं त्याला गाडी थांबवायला सांगितली. एका बाभळीखाली दोघं उभे राहिले.

"तुमच्या हाताला लागलं होतं?"

गोपालला खोटं बोलता आलं असतं. काम करून करून बोटं बधिर होतात, लक्ष नव्हतं, काहीही. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला ते जमलं नाही.

"लागलं होतं."

"मग?"

"बोललो नाही."

"का?"

"सगळे तुलेच इचारतात," तो म्हणाला. "मले कोणी इचारत नाही. मले वाटलं, एक डाव तुह्या हातून बिघडू दे."

 तो मग बोलतच गेला. भगवानरावांचा पिकअप, माहेरी गेली म्हणून सांगितलेलं खोटं, खोक्याखालचा चार्जर, गेल्या आठ दिवसांतली भूक. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, की फहीमभाईंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही आणि तुमच्याबरोबर येणारही नाही. मग ती मोटरसायकलवर बसली. घर येईपर्यंत तिनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही, मागचा दांडा धरून बसली.

दुसऱ्या दिवशी गोपाल एसटीनं बुलढाण्याला गेला. फहीमच्या दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या. त्या जाईपर्यंत तो कोपऱ्यात उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. फहीम साड्यांच्या घड्या घालत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावरही घड्या घालत राहिला. गोपालला वाटलं होतं तो आरडाओरडा करील, गाडीची भरपाई मागेल.

"भाभी त्या गाडीत बसली होती, गोपालभाऊ," फहीम म्हणाला. "तुमचीच बायको."

 गाडी, गिऱ्हाईक, नाव, सगळ्याचा त्यानं विचार केला होता. ही एक गोष्ट त्यानं स्वतःला कधी विचारू दिली नव्हती.

फहीमनं शेवटची घडी फळीवर ठेवली. गाडी तुमच्याकडंच राहू द्या, म्हणाला. टर्बो तुम्ही बसवून द्यायचा. पण भाभी हो म्हणतील तेव्हाच चावी फिरवायची, आणि त्या नाही म्हणाल्या तर गाडी ओढून घरी नेईन. बाकी मी कोणाजवळ बोलणार नाही. तुमच्यासाठी नाही, भाभीसाठी.

त्यानं शब्द पाळला. त्यामुळं गावात गोपालची कीर्ती तशीच राहिली. भगवानराव पाव्हण्यांना घेऊन यायचे आणि घाटातली गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. एकदा गोपालला ते असह्य झालं. हातातली पक्कड खाली ठेवून तो म्हणाला, "भगवानराव, चूक माहीच होती. टर्बो गेलेला मले माहीत होता." भगवानरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पाव्हण्यांना म्हणाले, पाहा, कारागीर असा असतो, स्वतःच्या डोक्यावर घेतो. गोपालनं दोनदा समजावून पाहिलं. कोणाला पटलं नाही.

घरात प्रेरणा कामापुरतं बोलायची. ताट वाढायची, फोन आला तर निरोप द्यायची. दोन आठवड्यांनी टर्बो तयार होऊन आला. त्या दिवशी तिनं कपाटातून लॅपटॉप काढला, अंगणात आली आणि म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"टर्बो हातानं कसा बघायचा ते. तुम्ही नाही शिकवलं तर चाचांकडे जाऊन शिकते."

गोपाल उभाच राहिला. तिच्याकडे आकडे होते, इंग्रजी होतं, लोकांचे फोन होते. त्याच्याकडे ही दोन बोटं होती. ती मागत होती आणि तिला कारण विचारायचा हक्क आता त्याला नव्हता. तेच जुनं जळणं पुन्हा जागं झालं, अगदी ओळखीचं. त्याला वाटलं होतं घाटानंतर ते मेलं असेल. मेलं नव्हतं.

त्यानं एक जुना निकामी टर्बो आणि शकूर मिस्त्रींनी बांधून दिलेला नवा टर्बो, दोन्ही बाकावर ठेवले. तिची बोटं धरून पंख्याच्या दांड्यावर ठेवली. आधी आडवं हलव, म्हणाला. एवढं चालतं. आता आत-बाहेर. डोळे मिट. ओढू नको, नुसतं धर आणि ढकल. पहिल्या वेळेला तिला काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी तिनं नव्यालाच जुना म्हटलं. त्यानं तिचं मनगट सैल सोडायला सांगितलं, कारण आवळलेल्या मनगटाला काही ऐकू येत नाही, असं शकूर मिस्त्री त्याला सांगायचे. तिसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली.

"टक् झालं," ती म्हणाली.

"हो. तेच."

तिनं डोळे मिटून दोन्ही टर्बो पुन्हा पुन्हा हलवून पाहिले. तो अदलाबदल करून ठेवायचा, ती ओळखायची. सातव्या-आठव्या वेळेनंतर ती चुकली नाही. गोपालला ते शिकायला पाऊण महिना लागला होता. हे त्यानं तिला सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं, आणि ते कौतुकानं की दुसऱ्या कशानं, हे त्यालाही नीट कळलं नाही.

टर्बो दोघांनी मिळून बसवला. इंजिनाच्या आतलं सगळं त्यानं उघडून साफ केलं आणि जे जे हाताला लागलं ते मोठ्यानं सांगत गेला. ती वहीत लिहीत गेली. प्रत्येक वेळी त्यानं पाइप बसवायच्या आधी ती स्वतः बोटं घालून बघायची. त्याच्या शब्दावर ती राहिली नाही, आणि त्यानं तसं अपेक्षितही केलं नाही. वाढीव दाब तिनं आधीपेक्षा थोडा कमी ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा घाटात गेले. फहीमनं प्रेरणाला विचारलं, चावी फिरवू का. ती हो म्हणाली. पण तिनं लॅपटॉप मागच्या सीटवर गोपालकडं दिला, आकडे तो वाचेल म्हणाली, आणि स्वतः खिडकीची काच खाली करून इंजिन ऐकत बसली. गोपालला इंग्रजी आकडे अडखळत वाचावे लागले. एकदा त्यानं चुकीचा रकाना वाचला, तिनं मागं न बघता दुरुस्त केला.

राजूरपासून वरच्या टोकापर्यंत गाडीनं तिसरा गिअर सोडला नाही. मागच्या डिकीत फहीमनं मुद्दाम कपड्यांचे तीन गठ्ठे टाकले होते. वाटेत कठड्यावर घासल्याची पांढरी खूण मागं पडली. वर पोचल्यावर फहीमनं गाडी एका टपरीपाशी लावली आणि तीन चहा सांगितले. बोनेट उघडून गोपालनं होज चाचपले, क्लॅम्प पाहिले.

"कसं आहे?" प्रेरणानं विचारलं.

"कोरडं हाय. कुठंच ऑइल नाही."

"बघू," ती म्हणाली. तिनं चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला, ओढणी खांद्यावर टाकली आणि गरम इंजिनावर वाकून स्वतः बोट फिरवलं. मग ते बोट पांढऱ्या रुमालाला पुसून रुमाल उजेडात धरला.